राजेहो, लंडन-न्यूयॉर्कचा तो फॉरवर्ड वाचून तिकीट काढू नका

आपल्या इकडच्या सगळ्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरून राह्यला. लंडन ते न्यूयॉर्क प्रवासात विमान कंपन्या काय काय लपवतात म्हणे, सोबत लाल रेघोट्या मारलेला नकाशा, एका तिकिटाचा फोटो, अन् शेवटी प्रत्येक आईबापापर्यंत पोचवा. सोडून दिलं असतं, पण आमच्या शेजारच्या काकाजी-काकूले पोरीकडे लंडनले जायचं आहे अन् तिथून पोराकडे न्यूयॉर्कले, आणि काकाजीनं तो मेसेज वाचून पोरीले फोनवर सांगून टाकलं का चार इंजिनचं विमान असंल तरच येतो. म्हणून लिहून राह्यलो.

मेसेजचं पहिलं म्हणणं, विमान समुद्रावरून सरळ जात नाही, मुद्दाम वरून ग्रीनलँडकडून फेरा मारते, कारण मधात समुद्रावर काहीतरी धोका आहे. भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत कपाटात पृथ्वीचा गोल धूळ खात पडला असतो, तो काढा आणि त्याच्यावर लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणा. दोरा आपोआप आधी जरासा वर सरकते, आयर्लंडवरून समुद्रात शिरते, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडवर निघते आणि मंग खाली न्यूयॉर्कले येते. सगळ्यात जवळचा रस्ता हाच, साधारण साडेपाच हजार किलोमीटर. सपाट कागदावर तो वाकडा दिसते तं तो कागदाचा दोष, विमानाचा नाही. ग्रीनलँडच्या बाजूनं कधी कधी जातात हे खरं आहे, पण ते समोरून येणारा वारा चुकवायले. वारा रोज बदलते म्हणून समुद्रावरचे रस्तेही रोज नव्यानं आखले जातात, दिवसा अमेरिकेकडे जाणाऱ्यांचे ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूनं आणि रात्री युरोपकडे येणाऱ्यांचे कॅनडातल्या गँडरहून, अन् त्याईले नावंही साधी, जाणारे ए, बी, सी आणि येणारे झेड, वाय, एक्स असे उलटे. इंधनावर कंपनीचा एवढा पैसा जाते, फुकटचा फेरा कोण मारन?

दुसरं म्हणणं सगळ्यात जास्त चाललं. तिकिटाच्या फोटोत लंडनहून सकाळी ११ ले निघून न्यूयॉर्कले दुपारी २ ले, आणि परतीत संध्याकाळी ७ ले निघून लंडनले सकाळी ७ ले. म्हणून जाताना ३ तास, येताना १२, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि न्यूयॉर्कच विमानाकडे चालून येते. अरे बाप्पा! तिकिटावर ज्या शहराचं विमानतळ त्या शहराची वेळ छापलेली असते, आणि न्यूयॉर्क लंडनच्या ५ तास मागं आहे. जाताना ३ मध्ये ५ मिळवा, ८ तास. येताना १२ मधून ५ काढा, ७ तास. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलट, जातानाच जास्त लागते. पृथ्वी फिरण्याचा फायदा भेटत असता तं वावरावर एका जागी तरंगणारी घार तीन-चार मिनिटात अमरावतीहून अकोल्यावर पोचली असती, पण हवा पृथ्वीसंगच फिरते. फरक पाडते तो जेट स्ट्रीम, ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे पळणारा वाऱ्याचा पट्टा, हिवाळ्यात भल्ला जोरात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळेस ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान त्याच्यावर बसून न्यूयॉर्कहून लंडनले ४ तास ५६ मिनिटात आलं होतं. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर हा ५ चा फरक ४ होते, कारण दोन्ही देश घड्याळ वेगवेगळ्या रविवारी बदलतात, तेवढं तिकीट वाचताना ध्यानात ठेवा. अन् येतानाची बहुतेक विमानं रात्रीची असतात, ७ तासातलं जेवण आणि चहा-नाश्ता काढला तं झोपायले काही उरत नाही. न्यूयॉर्कहून सकाळी निघून रात्री लंडनले पोचणारी मोजकी विमानं आहेत, वयस्कर माणसानं ती पाहावी.

आता काकाजीचं इंजिन. मेसेज म्हणते समुद्रावर दोन इंजिनचं विमान धोक्याचं. दोन इंजिनवाल्या विमानावर लोकाईचा पूर्वी भरवसा नव्हता हे खरं आहे, अमेरिकेत १९५३ पासून नियम होता का असं विमान उतरायच्या जागेपासून ६० मिनिटांच्या आतच पाहिजे. पण १९८५ मध्ये बोस्टन-पॅरिस मार्गावर दोन इंजिनच्या बोइंग ७६७ ले १२० मिनिटांची परवानगी भेटली, नंतर १८० आणि त्याच्याहून जास्त. ही मिनिटं एका इंजिनवर उडण्याची आहेत, आणि तेवढं करून दाखवल्याशिवाय परवानगी भेटत नाही. आयर्लंडचं शॅनन, आइसलँडचं केफ्लाविक, कॅनडाचे गँडर आणि गूस बे, खाली अझोर्स बेटांवर लाजेस, अशा चारही बाजूनं उतरायच्या जागा आहेत. ऑगस्ट २००१ मध्ये टोरोंटोहून लिस्बनले जाणाऱ्या एअर ट्रान्सॅटच्या दोन इंजिनच्या एअरबस ए३३० चं इंधन गळून दोन्ही इंजिनं बंद पडली, समुद्राच्या वर, रात्री. वैमानिकांनी ते १९ मिनिटं नुसतं तरंगत आणून लाजेसले उतरवलं, ३०६ च्या ३०६ लोक जिवंत. ब्रिटिश एअरवेजनं आपली चार इंजिनवाली ७४७ विमानं २०२० मध्येच काढून टाकली, आता या मार्गावर जवळपास सगळी दोन इंजिनचीच आहेत, तवा चार इंजिनची वाट पाहाल तं नातवाचं लग्न होऊन जाईल.

मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त होते, हे मेसेजातलं म्हणणं सोडा. सीट किती उरल्या आणि सुट्ट्या कधी, त्याच्यावर भाव ठरते.

खरा फटका पुढं आहे. मेसेज म्हणते नागपूर-लंडन आणि लंडन-न्यूयॉर्क वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं काढा, अर्धे पैसे वाचतात. पैसे कधी कधी वाचतात, ते मी नाकारत नाही. काकाजी-काकू पोरीकडे राहून मंग पुढं जाणार आहेत, त्याईले चालते. पण त्याच दिवशी पुढचं विमान धरायचं असंल तं पहिलं उशिरा पोचलं की दुसरं गेलं, आणि दुसऱ्या कंपनीले त्याच्याशी काही घेणंदेणं नसते, नवीन तिकीट खिशातून. बॅग बहुतेक वेळा स्वतः घेऊन पुन्हा जमा करा लागते. त्यात लंडनचं विमानतळ एक नाही, हीथ्रोले उतरून पुढचं गॅटविकहून निघालं तं मधात शहराच्या बाहेरून तासाभराहून जास्तीचा रस्ता आहे, आणि तिकडे जायचं म्हणजे ब्रिटनमध्ये शिरायचा कागद पाहिजे. न्यूयॉर्ककडेही तसंच, नेवार्कचं विमानतळ तं न्यू जर्सीत आहे, पोरगा कोणत्या बाजूले राह्यते ते आधी विचारा.

आणि शेवटचं म्हणणं सगळ्यात घातक आहे, लंडनमध्ये असलेल्याले अमेरिकेसाठी व्हिसा लागत नाही, ऑनलाइन इस्टा (व्हिसाऐवजी अमेरिकेत जायची परवानगी) भरला का झालं. इस्टा माणूस राह्यते कुठं त्याच्यावर नसते, पासपोर्ट कोणत्या देशाचा त्याच्यावर असते, आणि ज्या देशाईले इस्टा चालते त्या यादीत भारत नाही. नुसतं विमान बदलून पुढं कॅनडा-मेक्सिकोले जायचं असलं तरी अमेरिकेत इमिग्रेशनमधून बाहेर या लागते, म्हणजे व्हिसा पाहिजेच. म्हणून तिकिटाच्या आधी मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटची तारीख कवाची भेटते ते पाहा, अन् ब्रिटनचा व्हिसा न्यूयॉर्कहून परत येईपर्यंत चालू राह्यते का तेही, कारण परतताना उतरायचं आधी लंडनलेच आहे.