चष्म्याचा सिलिंडर आणि टोरिक लेन्सचा नंबर एकच नसतो

‘चष्म्यात सिलिंडर नंबर असेल तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये तेवढ्याच नंबरची टोरिक लेन्स मागून घ्या. एकदा बसली की ती हलत नाही, चष्मा कायमचा सुटतो.’ हा सल्ला मोबाइलवर सगळीकडे फिरतो आहे. टोरिक लेन्स (सिलिंडर नंबर घालवणारी, डोळ्यात बसवायची कृत्रिम लेन्स) चांगलीच आहे, पण या सल्ल्यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

‘तेवढ्याच नंबरची.’ चष्म्याचा सिलिंडर म्हणजे कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) आणि डोळ्यातल्या नैसर्गिक लेन्सचा एकत्रित दोष: एका दिशेला वक्रता जास्त, दुसऱ्या दिशेला कमी. ऑपरेशनमध्ये नैसर्गिक लेन्स निघून जाते, तिचा वाटाही जातो. त्यामुळे चष्म्यात 2 डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) असूनही कॉर्नियात जेमतेम अर्धा निघू शकतो, आणि मग टोरिकची गरजच उरत नाही. उलटही घडतं: चष्म्यात सिलिंडर नसलेल्या माणसाच्या कॉर्नियातला दोष ऑपरेशननंतर उघडा पडतो. म्हणून मोजायचा तो कॉर्निया, तोही शक्यतो दोन वेगवेगळ्या यंत्रांवर. डोळा कोरडा असेल तर आकडे दर वेळी बदलतात. आधी त्यावर उपचार हवेत. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स किमान आठवडाभर बंद ठेवावी, कडक असेल तर आकडे स्थिर होईपर्यंत. कॉर्नियाची मागची बाजूही हिशेबात घ्यावी लागते. कॉर्नियाचा उभा अक्ष (उभी दिशा) जास्त वक्र असताना फक्त पुढची बाजू मोजली, तर लेन्स बहुधा गरजेपेक्षा जास्त ताकदीची निवडली जाते. आडवा अक्ष जास्त वक्र असेल तर कमी ताकदीची. शिवाय लेन्सवरचा 1.5 डायॉप्टर सिलिंडर कॉर्नियाच्या पातळीवर साधारण 1 डायॉप्टरचंच काम करतो.

‘हलत नाही.’ नेमकं हेच टोरिकचं दुखणं. नैसर्गिक लेन्सची पातळ पिशवी, जिच्यात नवी लेन्स बसवतात, आक्रसून तिला घट्ट धरेपर्यंत ती फिरू शकते, आणि फिरली तर बहुतेकदा पहिल्या काही तासांत किंवा पहिल्या दिवसात. 1 अंश फिरली की सिलिंडर घालवण्याची सुमारे 3 टक्के ताकद जाते, 10 अंशांना एक तृतीयांश. 30 अंशांना फायदा जवळपास शून्य होतो. त्यापुढे सिलिंडर आधीपेक्षा वाढतो. ऑपरेशनमध्ये वापरलेलं आणि लेन्सच्या मागे राहिलेलं जेल हे एक कारण, ते पूर्ण काढायलाच हवं. लांब, मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत पिशवी मोठी असल्याने धोका जास्त. कधी लेन्स जागची हललेली नसते, खूणच चुकलेली असते: आडवं झाल्यावर डोळा स्वतःभोवती काही अंश वळतो, म्हणून शाईच्या खुणा रुग्णाला बसवूनच, मान सरळ ठेवून करतात. डिजिटल मार्गदर्शन असलं तरी संदर्भ-फोटो बसूनच काढलेला असतो.

लेन्स फिरली आणि नजर खरंच बिघडली, तर ती पुन्हा वळवता येते. साधारण 1 ते 3 आठवड्यांच्या दरम्यान. फार लवकर वळवली तर पिशवीने अजून पकड घेतलेली नसते, ती परत फिरते. फार उशीर झाला तर चिकटलेली लेन्स सोडवणं अवघड जातं. ऑपरेशननंतर नजर अंधूक वाटली तर ‘सवय होईल’ म्हणून महिने घालवू नका. बाहुली मोठी करून लेन्सवरच्या खुणा कोणत्या अक्षावर आहेत ते तपासून घ्या.

‘चष्मा कायमचा सुटतो.’ साधी टोरिक लेन्स एकाच अंतरासाठी असते. लांबचं स्पष्ट केलं, तर वाचायला चष्मा लागणारच. कॉर्नियाचा आकारही वयानुसार हळूहळू बदलतो.

शंकूसारखा पुढे आलेला किंवा व्रण असलेला कॉर्निया अनियमित असतो. तो दोष टोरिकने पूर्ण जात नाही. ऑपरेशनमध्ये पिशवीची मागची बाजू फाटली, तर ठरलेली टोरिक बहुधा रद्द करून दुसरी लेन्स बसवावी लागते. ती कोणती, हे आधीच विचारून ठेवा.