नूतनचा सपाट आवाज आणि दिग्दर्शकावरचा भरवसा

चैतन्य ताम्हाणे यांनी दिग्दर्शित केलेला ‘कोर्ट’ हा चित्रपट नुकताच तिसऱ्यांदा पाहिला. या खेपेला खटल्यापेक्षा सरकारी वकील नूतनच्या आवाजाकडेच माझे लक्ष लागून राहिले. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप सिद्ध करण्याचे काम तिच्याकडे आहे. नूतन साकारणाऱ्या गीतांजली कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या आणि रंगभूमीवर मुरलेल्या अभिनेत्री. न्यायालयातला युक्तिवाद म्हणजे त्यांच्यासाठी आयते मैदान. तरीही त्या कायद्यातले उतारे असे वाचतात, की जणू दुपारच्या जेवणानंतर एखाद्या कचेरीत जुनी यादी वाचून संपवायची आहे.

मृणाल देसाई यांचा कॅमेरा दूर, बहुतेक वेळा स्थिर. नटाचा चेहरा जवळून दाखवून प्रसंग सावरून घेण्याची सोय इथे जवळपास नाहीच. शिवाय समोर कांबळे झालेल्या वीरा साथीदार यांच्यासारखी माणसे, ज्यांचा पेशा अभिनयाचा नव्हता. अशा माणसांच्या शेजारी कसलेल्या नटाचे कसब फार लवकर उघडे पडते, आणि म्हणूनच कुलकर्णींना स्वतःचे शिक्षण विरघळवून टाकावे लागले असणार. नंतर हीच नूतन लोकलमध्ये सोबतच्या बाईशी साडीबद्दल बोलते, पाळणाघरातून मुलाला घेऊन घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. तेव्हा लक्षात येते, की न्यायालयातला तो सपाटपणा दुष्टपणातून आलेला नाही, ते तिचे रोजचे काम आहे. हा परिणाम एकट्या नटीला आतून मोजता येत नाही. प्रसंग एकापुढे एक लागल्यावर काय घडेल, हे दिग्दर्शकालाच दिसत असते.

मी स्वतः हौशी राज्य नाट्य स्पर्धेत काही वर्षे कामे केली आहेत. एका नाटकात वडील गेल्याचा फोन मी स्वयंपाकघरात घेते, असा प्रसंग होता. तालमीत मी मनसोक्त रडायचे, विंगेतल्या मुलीही डोळे पुसायच्या. दिग्दर्शक म्हणाले, “ताई, आधी दुधाखालचा गॅस बंद करा. रडायचं नंतर बघू.” मी दोन दिवस धुमसत होते, माझ्या हातचा हुकमी प्रसंग काढून घेतला, असेच वाटत होते. प्रयोगात मी फोन कानाशी धरून शेगडीचे बटण फिरवले, ओट्यावर सांडलेला दुधाचा थेंब पदराने पुसला, आणि नाट्यगृहातला पंख्याचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

भरवसा ठेवायचा म्हणजे मुकाट्याने हुकूम पाळायचा, असे मी म्हणत नाही. ‘का’ विचारल्यावर केवळ अंगावर ओरडणारे दिग्दर्शकही मी पाहिले आहेत आणि त्यांच्या तालमी सोडून घरी आले आहे. आमच्या या दिग्दर्शकांनी मात्र, ते दूध तापत राहिले तर प्रेक्षक त्याच्याकडेच बघत बसतील, हे मला शांतपणे समजावले होते. (खरोखरचे दूध तापवण्याचा हट्टही त्यांचाच.)

स्पर्धेत अभिनयाचे प्रशस्तिपत्र दुसऱ्या नाटकातल्या धाय मोकलून रडणाऱ्या मुलीला मिळाले. रंगपटात एका ओळखीच्या बाईंनी माझे सांत्वन केले, “तुला काही करायलाच नव्हतं गं.” ‘कोर्ट’ पाहून बाहेर पडताना नूतनबद्दल अगदी हेच वाक्य माझ्या मागून कोणीतरी बोलले होते.