थेरपी कोण सोडणार, हे व्यक्तिमत्त्व चाचणीला कळतं का?

अमेरिकेतल्या माजी सैनिकांबद्दल एक दावा सध्या बराच फिरतो आहे. पीटीएसडीच्या, म्हणजे भीषण अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराच्या, उपचारांआधी त्यांची एमएमपीआयसारखी व्यक्तिमत्त्व चाचणी घ्या, कोण थेरपी अर्ध्यावर सोडणार ते कळेल, आणि अशांवर वेळ घालवू नका. यातला शेवटचा सल्ला मला घातक वाटतो, म्हणून त्याच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या एकेका मुद्द्याला हे उत्तर.

‘चाचणी शास्त्रीय आहे.’ आहेच. एमएमपीआय १९४३ पासून वापरात आहे. २०२०च्या आवृत्तीत ३३५ विधानं आहेत. पीएआय या दुसऱ्या चाचणीत तर उपचारांबद्दलची अनिच्छा मोजणारी वेगळी मोजपट्टीच आहे. पण ती आजची इच्छा मोजते. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी लागली, तर माणूस येईल का, हे तिला कसं कळणार?

‘चाचणीतल्या गुणांवरून गळती, म्हणजे कोण उपचार सोडणार ते, ओळखता येते.’ काही मोजपट्ट्यांचा गळतीशी संबंध आढळतो, पण तो गटाच्या सरासरीत आणि बहुधा क्षीण. समजा, शंभरातले पन्नास जण सोडणार आहेत. चाचणीने त्यातले तीस बरोबर ओळखले आणि टिकणाऱ्या पन्नासांपैकी वीस जणांवरही तोच शिक्का मारला. आकडे कल्पित आहेत, पण अशा चाळणीने बरे होऊ शकणारे वीस जण दारातूनच परत जातील.

‘सोडून जाणं हा स्वभाव आहे.’ माझा खरा आक्षेप इथे आहे. आठवणी टाळणं हे पीटीएसडीचं लक्षणच आहे आणि थेरपी नेमकं त्या आठवणींसमोर बसवते. ज्या आजारासाठी माणूस आला, त्याच्याच लक्षणाला स्वभावदोष ठरवून त्याला परत पाठवायचं? शिवाय गळती उपचारानुसारही बदलते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, ९१६ माजी सैनिकांच्या अभ्यासात प्रोलाँग्ड एक्स्पोजर (त्या आठवणींना पुन्हा पुन्हा सामोरं नेणारी थेरपी) घेणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के आणि सीपीटी (त्या घटनेबद्दलचे विचार तपासून बदलणारी थेरपी) घेणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के मध्येच थांबले. निम्मे लोक जिथे थांबतात, तिथे उपचाराची रचनाही तपासायला हवी. २०१८च्या एका अभ्यासात १२६ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं होतं. त्यात माजी सैनिक होते, इतरही होते. बारा सत्रांच्या सीपीटीत ३९.७ टक्के गळाले. पाच सत्रांच्या लेखनाधारित उपचारात फक्त ६.४ टक्के, आणि उपचाराचा फायदा काही कमी ठरला नाही. दोन्हीकडे माणसं सारखीच होती.

‘लक्षणांचे गुण फार चढले, म्हणजे सोंग.’ अतिशयोक्ती पकडणाऱ्या मोजपट्ट्या तीव्र पीटीएसडीतही चढतात. केवळ त्या आकड्यावरून निकाल द्यायचा नसतो.

‘मध्येच सोडलं म्हणजे उपचार वाया.’ तसंही नाही. लवकर थांबलेल्या काहींची लक्षणं तोवर बरीच उतरलेली असतात.

चाचणी फेकून द्या, असं मी म्हणत नाही. दारूचा प्रश्न, पराकोटीची निराशा, माणसांवरचा अविश्वास असं काही तिच्यात दिसलं, तर ते त्या सैनिकासमोर मांडावं आणि त्याच्याशी बोलून उपचार निवडावा. सोबत रुग्णालय किती लांब आहे, कामाची पाळी कोणती, मुलांना कोण सांभाळतं, हेही विचारावं. हे ३३५ विधानांत सापडत नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात खुर्ची रिकामी दिसण्याचं कारण अनेकदा तिथेच असतं.