‘डिड’ आल्यावर पुन्हा ‘ईडी’ (-ed) कशाला?

दादरपासून बोरिवलीपर्यंत इंग्रजीच्या क्लासच्या पाट्याच पाट्या, आणि मुलाखतीला बसलं की तेच: ‘आय डिड नॉट वर्क्ड’! अहो, भूतकाळाचा भार ‘डिड’नं उचलला ना? मग क्रियापद मूळ रूपातच राहणार, ‘वर्क’. एका वाक्यात दोनदा भूतकाळ कशाला?

भूतकाळाच्या या ‘ईडी’च्या उच्चारांचे तर हालच. ‘वॉक-एड’, ‘लाफ-एड’ हे कुठून आणलं? ‘वॉक्ट’, ‘लाफ्ट’ म्हणा. ‘प्ले’चं ‘प्लेड’. सुटा ‘इड’ ऐकू येतो तो फक्त मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड असेल तर: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. एवढंसं आहे, तेही धड शिकवत नाहीत!

आणि ‘आय हॅव अप्लाइड यस्टर्डे’? मराठीत ‘मी काल अर्ज केला आहे’ चालतं, इंग्रजीत नाही. ‘यस्टर्डे’ आलं की ‘हॅव’ काढा. नुसतं ‘अप्लाइड’!