म्हणे, मुरलेल्या सिगारीतलं विष उडून जातं!

‘वाइनसारखीच सिगारही जितकी जुनी तितकी उत्तम. पाच वर्षं मुरू दिली की तिच्यातलं निकोटीन आणि विषारी द्रव्यं उडून जातात, मग ती सिगारेटसारखा अपाय करत नाही. शिवाय सिगारीचा धूर छातीत घ्यायचाच नसतो. वर पांढरी भुकटी दिसली की समजा, माल तयार झाला. गुंतवणूक म्हणूनही सोनं! केनेडींच्या सिगारींना लाखो डॉलर आले होते. लाकडी डब्यात घालून कपाटात ठेवा आणि विसरून जा.’

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी तो न वाचताच सोडून देत होतो. पण परवा तो माझ्या धाकट्या भावाने पाठवला, खाली ‘बघ दादा, मी म्हणत नव्हतो?’ असं लिहून. त्याची सिगारेट मोठ्या मुश्किलीने सुटली आहे. आता हे वाचून तो सिगारीचा डबा घ्यायला निघालाय, तब्येतीच्या दृष्टीने! तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

विष उडण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या बहुतेक थापांत फार तर पैसे जातील. सिगारीचं पान आधी वाळवतात, मग ढीग रचून आंबवतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते आणि अमोनिया बाहेर पडू लागतो. वळून झालेल्या ताज्या सिगारीतही तो थोडाफार उरतो आणि पुढच्या काही महिन्यांत निघून जातो. उडून जातो म्हणतात तो हा. त्याचा झोंबरेपणा गेला की धूर मऊ लागतो, आणि घशाला मऊ लागलं की माणूस समजतो, विष गेलं. तंबाखूतली कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स मात्र याच वाळवण्या-आंबवण्यात तयार होतात आणि ती काही अमोनियासारखी हवेत विरून जात नाहीत. टार आणि कार्बन मोनॉक्साइड तर पानात नसतातच, ते काडी लावल्यावर तयार होतात. सिगार पन्नास वर्षांपूर्वीची असली तरी जळते आजच ना? मग पाच वर्षं डब्यात ठेवून नेमकं काय उडालं?

आता ‘धूर छातीत घ्यायचाच नसतो’. माझ्यावर विश्वास ठेवू नका, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1998 मध्ये फक्त सिगारीवर अख्खा ग्रंथ काढलाय, मोनोग्राफ क्रमांक 9, तो चाळा. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. सिगारीचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतं, छातीपर्यंत जायची गरजच पडत नाही. नियमित सिगार ओढणाऱ्यांना तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस या सगळ्यांच्या कर्करोगाचा धोका त्यात मांडलाय. धूर आत न घेणाऱ्यांचा फुप्फुसाचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षा कमी असतो, हे मी मान्य करतो, तेही नाइलाजाने, कारण तोंडाला आणि अन्ननलिकेला ही सवलत नाही. आणि माझ्या भावाने नीट वाचावं असं वाक्य पुढेच आहे: सिगारेट सोडून सिगारीकडे वळलेले लोक धूर आत ओढण्याची शक्यता जास्त असते. वर्षानुवर्षांची सवय, ती सिगार हातात आली म्हणून जाते थोडीच!

मग सिगार मुरतच नाही का? मुरते. एवढं तरी द्यायलाच हवं. अमोनिया गेल्यावर चव एकजीव होते, पानांच्या कडक मिश्रणाची धार उतरते. क्यूबाची हाबानोस कंपनी वळलेल्या सिगारी पाच ते आठ वर्षं ठेवून ‘आन्येहादोस’ या नावाने विकते, म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नाही. पण त्याच कंपनीच्या ‘रेसेर्व्हा’ मालात तीन आणि ‘ग्रान रेसेर्व्हा’ मालात पाच वर्षं मुरतं ते पान, सिगार वळण्याच्या आधी. मुरवण्याचं बरंचसं काम कारखान्यातच उरकलेलं असतं. तुमच्या डब्यात पुढे जे होतं ते प्रत्येक सिगारीचं वेगळं. कडक सिगारीला काही वर्षं मानवतात, सौम्य सिगारीचा होता नव्हता तो सुगंधही तेवढ्यात निघून जातो. सुगंधी तेलं संपली की उरतो तो गरम धूर. मुळात सुमार पान वापरलं असेल तर वीस वर्षांनी ते जुनं सुमार पान होतं, इतकंच. आणि वाइनचा दाखला कशाला? बहुतेक वाइनही लवकर पिण्यासाठीच बनतात.

पांढरी भुकटी. हा तर कहर आहे. तेलाचे स्फटिक वर येतात अशी ही जुनी समजूत, आणि पुरावा काय, तर बोटाने पुसली जाते! अहो, सुकी पांढरी बुरशीही बोटाने पुसली जाते. भिंग घेऊन बघा. कापसासारखे तंतू दिसले, गोल ठिपके दिसले, तर ती बुरशीच, मग तिला कितीही राजस नाव द्या. जिथे पेटवतो त्या उघड्या टोकात ती शिरली असेल तर सिगार सरळ फेकून द्यायची. मेसेज मात्र सांगतो, तयार झाली, ओढा!

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचं निम्मं खरं आहे. फेब्रुवारी 1962 मध्ये त्यांनी आपला प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर याच्याकरवी ‘पेटिट उपमन’ नावाच्या बाराशे क्यूबन सिगारी मागवल्या आणि त्या हाती आल्यावरच क्यूबाच्या मालावर बंदी घालणाऱ्या कागदावर सही केली, ही हकीकत खुद्द सॅलिंजरनेच सांगितलेली. पण 1996 मध्ये सदबीजच्या लिलावात 5,74,500 डॉलरला गेला तो केनेडींना भेट मिळालेला लाकडी ह्युमिडॉर. म्हणजे डबा! ती किंमत नावाची होती, मुरण्याची नव्हे.

राहिलं कपाट. सिगारीला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. कमी पडली तर वरचं पान तडकतं, फार वाढली तर वर सांगितलेली भुकटी येते. आणि पानात तंबाखूच्या किड्याची अंडी असू शकतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. तापमान 24-25 अंशांच्या वर टिकून राहिलं की ती उबतात आणि अळ्या सिगारी पोखरत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात. ‘विसरून जा’ म्हणणाऱ्याचा डबा पाच वर्षांनी उघडला तर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि तळाशी तपकिरी भुसा निघेल. त्याचीही उत्तम मुरल्याची खूण म्हणून एखाद्या मेसेजमध्ये भर पडेलच.