लॅपटॉप पुरतो म्हणे!
‘संगणकीय संशोधनाला प्रयोगशाळा लागत नाही, पोस्टडॉक घरबसल्याही होईल’ हे पोस्टडॉकवरच्या (म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनावरच्या) लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. मी मुंबईत दोन वर्षं पेरोव्स्काइट (एका खास स्फटिकरचनेचे पदार्थ) सौरघटांच्या संगणकी मॉडेलिंगवर पोस्टडॉक केलंय. लॅपटॉपवर फक्त इनपुट फाइल लिहून होते. खरी आकडेमोड क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मोठ्या संगणकांवर, आणि तिथे ही भलीमोठी रांग. ७२ तासांची मर्यादा संपून जॉब (क्लस्टरवर लावलेली आकडेमोड) मेल्याचा मेल मी कुर्ल्याला गाडी बदलताना पुलावर उभी राहून वाचलाय. बरं, आकडा आला म्हणजे झालं असंही नाही. पीबीई या गणनेच्या साध्या पद्धतीने सिलिकॉनचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा) ०.६ ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपास येतो, प्रत्यक्षात तो १.१ आहे. शिशाच्या पेरोव्स्काइटमध्ये त्याहून गंमत: तीच पद्धत १.६ च्या जवळ, म्हणजे प्रयोगाशी जुळणारा आकडा देते, पण दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून. पद्धत मुळात गॅप कमी दाखवते, आणि स्पिन-ऑर्बिट (इलेक्ट्रॉनची फिरकी आणि कक्षा यांचा एकमेकींवरचा परिणाम) सोडून दिल्याने तो जास्त दिसतो; ते धरलं की आकडा जवळपास १ ईव्हीने कोसळतो. शेजारच्या लॅबमध्ये फिल्म बनवणाऱ्या मुलाने ‘ताई, तुमचा गॅप इतका बरोबर कसा काय?’ असं चहा पिताना विचारलं, तेव्हा माझे डोळे उघडले. घरबसल्या तो कुठून भेटणार होता?

आणि हो, फेलोशिपची रक्कम लेखात आहे, ती हातात कधी पडते ते नाही. माझी चार महिने अडकली होती. चेंबूरच्या घरमालकांना ‘ग्रँट आली नाही’ हे कारण दुसऱ्याच महिन्यात पटेनासं झालं.