दाव्यास कारण

वकिलाचं आयुष्य कोर्टात युक्तिवाद करण्यात जातं, असा लोकांचा समज आहे. कोर्टात आम्ही बहुतेक वेळा पुकारा होईपर्यंत बसतो आणि पुकारा झाला की पुढची तारीख घेऊन उठतो. घसा कोरडा पडतो तो ऑफिसात, टेबलापलीकडच्या माणसाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून : "हे नेमकं कधी घडलं?"

प्रश्न माझा नाही. तो 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा आहे. ऑर्डर 7, नियम 1 सांगतो की दाव्याला कारण कशामुळे घडलं आणि केव्हा घडलं, हे दाव्यात लिहिलंच पाहिजे. म्हणून प्रत्येक दाव्याच्या शेवटाकडे एक ठरलेला परिच्छेद असतो : "प्रस्तुत दाव्यास कारण दिनांक ........ रोजी मे. कोर्टाच्या स्थळसीमेत घडले." बाकीचा मजकूर माझा टायपिस्ट झोपेतही टाइप करेल. ती टिंबं मात्र तो माझ्यासाठी सोडतो.

पक्षकाराला तारीख सोडून सगळं माहीत असतं.

"बाई, तुम्ही आधी मुळापासून ऐकून घ्या," तो म्हणतो. मूळ म्हणजे आजोबा. आजोबा दोघे भाऊ. थोरले सरळमार्गी, धाकटे आतल्या गाठीचे. माझ्याकडे येणारा पक्षकार हमखास सरळमार्गी आजोबांचा नातू असतो. आतल्या गाठीच्या आजोबांचा नातू आजवर माझी पायरी चढलेला नाही. तो समोरच्या वकिलाकडे जातो, आणि तिथे खुर्चीत बसता क्षणी त्याचेही आजोबा सरळमार्गी होतात. (ही माणसं कोण, असं कुणी विचारू नये. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडायला वकिलाला 1872 पासून मनाई आहे. पूर्वी ती पुराव्याच्या कायद्याच्या कलम 126 मध्ये होती, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. तेव्हा इथली माणसं अनेकांची मिळून बनवलेली आहेत. भांडणं इतकी सारखी असतात की बनवायला फारसे कष्ट पडले नाहीत.)

आजोबा गेले, वडील आले, वडिलांचा चांगुलपणा आला, त्या चांगुलपणाचा समोरच्याने घेतलेला फायदा आला. मधेच पिशवीतून कागद निघतात. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, कुणाचा तरी दहावीचा दाखला. "हा कशाला?" "असू द्या, लागला तर." मी ऐकत असते. ऑर्डर 6 ने मला बजावून ठेवलेलं असतं की फक्त महत्त्वाच्या घटना लिहायच्या, त्याही थोडक्यात, पुरावा लिहायचा नाही. शेवटी तीन पिढ्यांचं महाभारत ऐकून मी कागदावर एक वाक्य उतरवते : "दावा मिळकतीच्या पूर्वेकडील कुंपण प्रतिवादीने बेकायदेशीरपणे वादीच्या हद्दीत सरकवले."

पक्षकार ते वाचतो. मग माझ्याकडे बघतो.

"एवढंच?"

त्या "एवढंच"ला माझ्याकडे अजून उत्तर नाही. आपलं अख्खं दुःख दीड ओळीत मावलं, हा अपमान त्याला कुंपणाच्या अपमानापेक्षा मोठा वाटतो. मग मी "बेकायदेशीरपणे"च्या आधी "जाणूनबुजून व दांडगाईने" घालते. कायद्याच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. पक्षकाराचा चेहरा मात्र उजळतो. आमच्या मसुद्यांत जी विशेषणं दिसतात, त्यातली निम्मी न्यायाधीशांसाठी नसतातच.

"बरं, कुंपण सरकवलं कधी?"

"पहिल्यापासून सरकवतोय."

"पहिल्यापासून कुंपण कसं सरकवतील?"

"थोडं थोडं हो. दर पावसाळ्यात वीतभर."

इथे मला घाम फुटतो. 1963 चा मुदतीचा कायदा आहे. बऱ्याचशा दाव्यांना तीन वर्षं, मालकीच्या जोरावर ताबा मागायचा असेल तर बारा वर्षं. मुदत संपलेली असेल आणि समोरच्याने हरकत घेतली नसेल, तरीही कोर्टाने दावा फेटाळायचा, असं कलम 3 सांगतं. पक्षकाराला वाटतं, अन्याय जितका जुना तितका जोरदार. कायद्याचा हिशोब उलटा आहे. त्यामुळे पक्षकार जितक्या आवेशाने मागे मागे जातो, तितक्याच आवेशाने मी त्याला पुढे ओढते. "मोजणी केव्हा करून घेतलीत? वीतभर आत आलंय हे तुम्हांला कळलं केव्हा?" आम्ही वकील तारीख बनवतो, असा आमच्यावर आरोप आहे. तो खोटा आहे. उपलब्ध तारखांमधून आम्ही एक निवडतो.

माणसांच्या विलंबाला कोर्टं तशी निर्दय नसतात, हेही सांगायला हवं. अपिलाला उशीर झाला तर माफीचा अर्ज देता येतो. पूर्वी त्यात दर दिवसाच्या उशिराचं कारण द्या म्हणत. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये कातिजी प्रकरणात विचारलं की असं असेल तर मग दर तासाचं आणि दर सेकंदाचं कारण का मागत नाही? तिथे उशीर चार दिवसांचा होता आणि तो सरकारचा होता. आमच्या व्यवसायातला माझा सगळ्यात आवडता उशीर मात्र वेगळाच आहे. भारतातल्या पहिल्या स्त्री-वकिलांपैकी एक, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा 1892 मध्ये दिली. बायकांना तेव्हा तिथे पदवी देत नसत. विद्यापीठाने पदवी हातात ठेवली 1922 मध्ये. तीस वर्षं! ऑक्सफर्डने माफीचा अर्ज केल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि अजूनही ऑफिसात आलेला एखादा गृहस्थ माझ्याकडे बघून विचारतो, "साहेब कधी येतील?" मी म्हणते, "बसा, येतीलच." मग तो बसतो, मीच त्याचे कागद चाळते, आणि थोड्या वेळाने दोघांच्याही लक्षात येतं की साहेब आलेले आहेत.

असो. टिंबं अजून रिकामीच आहेत.

बऱ्याच वर्षांनी मला या प्रश्नाची एक युक्ती सापडली. "कधी घडलं" असं विचारायचंच नाही. विचारायचं, "तुम्हांला सहन होईनासं कधी झालं?" याचं उत्तर माणूस तारीख, वार आणि वेळेसकट देतो. कॅलेंडर बघावं लागत नाही. फक्त त्या उत्तरात कुंपण नसतं.

"मी रस्त्याने चाललो होतो, त्याची गाडी समोरून आली. मी हात केला. त्याने मला बघितलं, आणि काच वर केली."

पावसाळ्यामागून पावसाळे वीतवीत जमीन गेली तेव्हा हा माणूस वकिलाकडे आला नाही. काच वर गेली आणि आठवड्याच्या आत आला. दाव्याचं खरं कारण हे आहे, आणि ते मला दाव्यात लिहिता येत नाही. गाडीची काच वर करणं हा भारतातल्या कुठल्याही कायद्याखाली वादाचा विषय होत नाही. लिहिलं, तर समोरचा वकील ऑर्डर 7, नियम 11 खाली अर्ज देईल की दाव्याला कारणच दिसत नाही, सबब तो नामंजूर करावा. म्हणून आम्ही काचेसाठी आलेल्या माणसाचा कुंपणाचा दावा लावतो.

"त्याच्यावर चारशे वीस पण लावा," जाताना पक्षकार सुचवतो. त्याला सांगावं लागतं की तो आकडा आता गेला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणूक कलम 318 मध्ये गेली, आणि नव्या संहितेत कलमंच 358 आहेत. चारशे विसाव्यापर्यंत कायदा पोहोचतच नाही. त्याला हे पटत नाही. 318 मध्ये त्याला दम वाटत नाही.

मग सत्यापन. दाव्याच्या खाली वादीने परिच्छेदांचे आकडे देऊन सांगायचं असतं की यातलं अमुक मला स्वतःला माहीत आहे आणि तमुक ऐकीव माहितीवरून मला खरं वाटतं. संहितेतला हा माझा लाडका नियम. माणसांनी रोजच्या बोलण्यात तो पाळला तर जगातली निम्मी संभाषणं दुसऱ्या वाक्याला संपतील. पक्षकाराला मी विचारते, "आजोबांनी चर मारून हद्द ठरवली, हे तुम्ही पाहिलं?" तो दुखावतो. "अहो, मी जन्मलो तरी होतो का?" "मग हे ऐकीवात टाकू?" "ऐकीव कसलं, सगळ्या गावाला माहीत आहे!" शेवटी आजोबा ऐकीवात जातात आणि तो अशी सही करतो, जणू आजोबांना वृद्धाश्रमात ठेवून निघाला आहे.

समोरून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, येते. तिच्यात सगळं नाकबूल असतं, कारण जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं, असा ऑर्डर 8 चा दंडक आहे. त्यामुळे सावध वकील वंशावळीपासून नाकारत येतो. "वादी हा प्रतिवादीचा चुलतभाऊ आहे हे खरे नाही." पुढच्याच पानावर तोच प्रतिवादी म्हणतो की एकत्र कुटुंबाची ही मिळकत त्याच्या वाट्याला आली. माझा पक्षकार कैफियत वाचून हादरतो. "भाऊ नाही म्हणाला मला?" मी त्याला समजावते की हे त्याचं म्हणणं नाही, त्याच्या वकिलाचं आहे, आणि त्यांच्याकडच्या छापील नमुन्यात ते आधीपासूनच असतं. उपयोग होत नाही. आता त्याच्याकडे दोन खरी कारणं असतात.

दावे माणसांपेक्षा जास्त जगतात. वादी वारला की 90 दिवसांत वारसांनी अर्ज देऊन त्याच्या जागी उभं राहायचं. मग दाराशी एक तरुण येतो, हातात मृत्यूचा दाखला, चेहऱ्यावर गोंधळ. "बाबांची केस होती म्हणे तुमच्याकडे. कशाबद्दल होती?" मी त्याला फाईल देते. तो वाचतो, कुंपण, पूर्व बाजू, दांडगाईने. बाबा घरी त्या माणसाचं नाव निघालं की जेवण अर्धं टाकून का उठायचे, याचा त्यात उल्लेख नसतो. काच वडिलांबरोबर गेलेली असते. मुलाला फक्त मुकदमा नंबर मिळतो.

अशाच एका दाव्यात दोन्हीकडे वारस लागले होते. दोघे चुलतभाऊ, एकमेकांना तारखांनाच भेटलेले. एकाला पुकारा ऐकू आला नाही तर दुसरा जाऊन सांगायचा, "चला, आपला नंबर आला." भांडणाचा त्यांना खरोखर कंटाळा आला होता. मी लोकअदालतीचं सुचवलं. 1987 च्या कायद्याने तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याची किंमत आहे, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. फी परत मिळते म्हटल्यावर सावरले.

अटी अर्ध्या तासात ठरल्या. कुंपण आहे तिथेच राहील, वाट दोघांची. अडलं ते तडजोड पुरसिसच्या, म्हणजे कोर्टात द्यायच्या समझोत्याच्या कागदाच्या, पहिल्या परिच्छेदावर. वाद कुणी सुरू केला, हे त्यात यावं, असं दोघांचंही म्हणणं. ज्या वादाची त्यांना धड माहिती नव्हती, त्याची सुरुवात दुसऱ्याच्या बापाने केली, याबद्दल मात्र दोघांची पक्की खात्री होती. ऐकीव माहिती, अर्थात. समोरच्या वकिलांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि आमच्या धंद्यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य लिहिलं : "उभय पक्षांत काही कारणावरून वाद उत्पन्न झाला होता." एका दिनांकापायी ज्या फाईलसाठी मी जीव काढला होता, तिच्यात आता ना दिनांक, ना कारण. दोघांनी ती ओळ नीट वाचली. दोघांचंही समाधान झालं. "काही कारण" म्हणजे समोरचा, असं प्रत्येकाने मनाशी घेतलं असावं.

पॅनलपुढे न्यायाधीशांनी विचारलं, "मजकूर समजला ना? राजीखुशीने करताय?" दोघे एका सुरात "हो" म्हणाले. मग आधी सही कुणी करायची, यावर अडले. मी म्हटलं, पद्धत अशी आहे की वादीने आधी करायची. माझ्या पक्षकाराने पुढे होऊन सही केली.

प्रतिवादी न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "बघा साहेब, सुरुवात यांनीच केली."